गुरुजी संघटनेत जातात, त्यांना मिळतं तरी काय?

शनिवारी सकाळची शाळा सुटली की वस्तीवरची पोरं दप्तर पाठीला मारून घराकडं पळतात. गुरुजींची मोटारसायकल मात्र घराच्या रस्त्याला लागत नाही, ती तालुक्याच्या रस्त्याला लागते. पिशवीत चार-पाच जणांचे अर्ज, झेरॉक्स, कुणाच्या तरी सेवापुस्तकाची पानं. पारावर बसलेला एखादा म्हणतोच, "चालले नेते." दुसरा म्हणतो, "काहीतरी मिळत असल्याशिवाय कोण स्वतःचं पेट्रोल जाळतंय?"

हा प्रश्न गावोगावी विचारला जातो आणि तो विचारण्यात चूक काही नाही. शाळा गावाची, पोरं गावाची आणि गुरुजींचा पगार लोकांच्या पैशातून. मग शिक्षक संघटनेत काम करणाऱ्या माणसाला काय मिळतं, त्याचं काय जातं आणि त्यात गावाचा फायदा-तोटा काय, हे एकदा नीट समजून घेतलेलं बरं.

संघटना एक नाही, अनेक

गावात सगळे शिक्षक सारखेच दिसतात, पण त्यांचे मालक वेगळे असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी आणि बाई जिल्हा परिषदेच्या सेवेत असतात. हायस्कूलचे सर बहुतेक ठिकाणी खासगी संस्थेच्या नोकरीत असतात. शाळा अनुदानित असली तर त्यांचा पगार सरकार देतं. विनाअनुदानित असली तर पगार संस्थेच्या मर्जीवर, आणि अंशतः अनुदानित असली तर जेवढे टक्के मंजूर तेवढाच सरकारी पगार. ज्युनियर कॉलेजच्या शिक्षकांचे प्रश्न आणखी निराळे.

म्हणून संघटनाही निराळ्या. प्राथमिक शिक्षकांत शिक्षक संघ आणि शिक्षक समिती ही जुनी नावं. माध्यमिक शिक्षकांत टीडीएफ, शिक्षक परिषद, शिक्षक भारती, विदर्भात विमाशि म्हणजे विदर्भ माध्यमिक शिक्षक संघ, मराठवाड्यात मराठवाडा शिक्षक संघ. सगळ्यांची बांधणी साधारण सारखी असते. तालुका, मग जिल्हा, मग राज्य. वर्षाला वर्गणी, पावती, कार्यकारिणी, अधिवेशन.

संघटना काढण्याचा हक्क घटनेच्या कलम १९ मध्येच दिलेला आहे. पण शिक्षकाची गत कारखान्यातल्या कामगारासारखी नाही. गोव्यातल्या एका शाळेतील शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये स्पष्ट सांगितलं, की औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक हा 'कामगार' नाही. म्हणजे कामगार न्यायालयाचा दरवाजा शिक्षकाला तसा उघडत नाही. पुढे २००३ मध्ये तामिळनाडूतल्या संपाच्या प्रकरणात सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही, असंही याच न्यायालयाने म्हटलं. तेव्हा शिक्षकाच्या हातात राहतं काय, तर सेवानियमांचं पुस्तक, अर्ज-निवेदन आणि सोबत उभी राहणारी माणसं. संघटनेचं महत्त्व इथून सुरू होतं.

चारी चौघं उपसतात, पाणी सगळ्यांच्या रानात

आता खरा पेच बघा. संघटनेनं भांडून महागाई भत्ता मिळवला तर तो वर्गणी भरणाऱ्यालाच मिळतो असं नाही. न भरणाऱ्यालाही मिळतो. संपात उतरला त्याला आणि घरी बसून टीव्हीवर संप बघितला त्यालाही सारखाच. पाटाची चारी चौघांनी उपसली तरी पाणी सगळ्यांच्याच रानात जातं, तसा हा प्रकार.

मग प्रश्न पडतो, की जो माणूस वर्षानुवर्षं चारी उपसायला जातो, त्याला वेगळं काय मिळतं? पगार तर सगळ्यांचा सारखाच. सक्रिय शिक्षकाची कमाई पगारात बघायला गेलं तर दिसत नाही. ती दुसरीकडे असते.

पहिली कमाई : कागद कळायला लागतो

एक नेहमीचं उदाहरण घ्या. नवीन लागलेल्या बाई. पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक, म्हणजे पूर्ण पगार नाही, ठरावीक मानधन. तीन वर्षं पुरी झाली की नियमित वेतनश्रेणी मिळायला पाहिजे. पण प्रस्ताव शाळेतून केंद्रप्रमुखाकडे, तिथून पंचायत समितीच्या शिक्षण विभागात, तिथून जिल्हा परिषदेत. मध्ये एक दाखला कमी पडला, फाईल परत. कोणता दाखला, हे कोणी सांगत नाही. बाई दुसऱ्या जिल्ह्यातल्या, ओळख कुणाशी नाही. चार महिने असेच जातात.

संघटनेतला जुना शिक्षक हा कागद पाच मिनिटांत बघतो आणि सांगतो, "मॅडम, पडताळणी जोडली नाही तुम्ही. ती जोडा, आवक क्रमांक घ्या, आणि पोच माझ्याकडे पाठवा."

यात जादू काही नाही. त्याने असे पन्नास प्रस्ताव पाहिलेले असतात. बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, चोवीस वर्षांनी निवडश्रेणी, वेतननिश्चिती, दवाखान्याचं बिल, भविष्य निर्वाह निधीची उचल, सेवापुस्तकातली राहिलेली नोंद. हे सगळं डीएडच्या किंवा बीएडच्या वर्गात कोणी शिकवत नाही. संघटनेत चार वर्षं फिरलेल्या माणसाला ते पाठ होतं.

आणि एकदा दुसऱ्याचे कागद कळायला लागले की स्वतःचे कधी अडत नाहीत. निवृत्तीच्या दिवशी सेवापुस्तक पूर्ण असणं ही लहान गोष्ट नाही. एखाद्या वेतनवाढीची नोंद राहिली म्हणून निवृत्तीनंतर पेन्शनसाठी खेटे घालणारे गुरुजी प्रत्येक तालुक्यात भेटतात. सातबाऱ्यावरची एक चुकलेली नोंद किती वर्षं छळते, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

दुसरी कमाई : एकटं पडायची भीती जाते

खासगी संस्थेच्या शाळेत ही कमाई फार मोलाची. संस्थाचालक आणि शिक्षक यांचं बिनसलं तर शिक्षक एकटा आणि समोर अख्खी संस्था. मेमो येतो, चौकशी लागते, निलंबन होतं.

अशा वेळी शिक्षकाला आधार आहे तो १९७७ च्या कायद्याचा. नाव लांबलचक आहे, महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी सेवेच्या शर्ती विनियमन अधिनियम. १९८१ मध्ये त्याचे नियम झाले. या नियमांप्रमाणे शिक्षकाविरुद्धची चौकशी समिती तिघांची असते. एक संस्थेचा माणूस. एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतला. आणि तिसरा माणूस स्वतः तो शिक्षक निवडतो, कोणत्याही खासगी शाळेच्या कर्मचाऱ्यांतून.

हा तिसरा माणूस कोण आणायचा? शेजारच्या शाळेतला ओळखीचा सर चांगला असेल, पण त्याला नियम ठाऊक नसतील तर तो सही करून मोकळा होतो. म्हणून लोक संघटनेतला जाणता माणूस शोधतात. आरोपपत्र नीट दिलं का, उत्तराला मुदत दिली का, साक्षीदाराची उलटतपासणी करू दिली का, हे तो बघतो.

नोकरीवरून काढलं तर शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. पण मुदत फक्त ३० दिवसांची. कितीतरी शिक्षक "संस्थाचालक साहेब परत घेतील" या आशेवर महिना घालवतात आणि मग धावाधाव करतात. संघटनेचं पहिलं वाक्य अशा वेळी एकच असतं, "तारीख बघा, तीस दिवस मोजा."

जो शिक्षक स्वतः संघटनेत असतो त्याच्यावर उगाच हात टाकायला संस्थाही विचार करते. पण हेही खरं, की तोच आधी डोळ्यावर येतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी लागू होतात.

तिसरी कमाई : पतसंस्थेतली पत

प्राथमिक शिक्षकांच्या सहकारी पतसंस्था बहुतेक जिल्ह्यांत आहेत, काही ठिकाणी शिक्षकांच्या बँकाही आहेत. घर, लग्न, पोरांचं कॉलेज, आजारपण, सगळ्याला शिक्षक आधी तिथंच जातो. सहकार कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे हप्ता पगारातूनच कापून घेता येतो, म्हणून वसुलीची चिंता कमी आणि कर्ज सोपं. सभासद मयत झाला तर कर्जाचा बोजा हलका करणारे कल्याण निधीही बऱ्याच संस्थांनी उभे केलेले आहेत.

या पतसंस्थांच्या निवडणुका गावच्या सोसायटीच्या निवडणुकीपेक्षा कमी रंगत नाहीत. संघटनांचे पॅनेल असतात, चिन्हं असतात, रात्रीच्या बैठका असतात. संघटनेत सक्रिय असलेला शिक्षक इथं संचालक होऊ शकतो. मान मिळतो, बैठकीचा भत्ता मिळतो आणि कारभार बघायला मिळतो.

ही कमाई चांगली, पण निसरडी. व्याजदर अर्धा टक्का खाली आणणारा संचालक हजारो शिक्षकांच्या घरात दिवा लावतो. तोच संचालक आपल्या गटाच्याच माणसांची कर्जं आधी काढायला लागला, की संघटनेचं नाव खराब होतं. वार्षिक सभेत ताळेबंद वाचून प्रश्न विचारणारे सभासद किती, यावर सगळं ठरतं.

चौथी कमाई : सगळ्यांना मिळालेलं, पण सहज न मिळालेलं

मोठे प्रश्न एका तालुक्यात सुटत नाहीत. ते मुंबईत, नागपूरला अधिवेशनात, नाहीतर न्यायालयात सुटतात.

जुने शिक्षक अजून १९७७-७८ सालचा ५४ दिवसांचा संप सांगतात. केंद्राच्या कर्मचाऱ्यांइतका महागाई भत्ता मिळावा म्हणून राज्यातले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक तेव्हा रस्त्यावर आले होते. त्या काळात फोन नाही, व्हॉट्सअप नाही. निरोप एसटीच्या कंडक्टरबरोबर जायचे.

अलीकडचं पेन्शनचं बघा. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन बंद झाली. पगारातून कपात आणि त्यात सरकारची भर, त्यातून जे साठेल ते, अशी योजना आली. सुरुवातीला तरुण शिक्षकांना त्याचं गांभीर्य कळलं नाही. मग नोकरीत असताना एखादा सहकारी वारला, आणि घरच्यांच्या हातात महिन्याचं निश्चित असं काहीच पडत नाही, हे बघितल्यावर कळलं. १४ मार्च २०२३ ला राज्यातले कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले, २० मार्चला संप मिटला. त्याच महिन्यात, सेवेत असताना मयत झालेल्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला कुटुंबनिवृत्तिवेतन आणि उपदान देण्याचा निर्णय झाला. पुढे सरकारने १ मार्च २०२४ पासून सुधारित योजनेचा पर्याय आणला, त्यात शेवटच्या पगाराच्या ५० टक्के निवृत्तिवेतन आणि त्यावर महागाईवाढ आहे. जुनी पेन्शन जशीच्या तशी मिळाली नाही, म्हणून नाराजी अजून आहे. पण सुरुवातीला जिथं काहीच नव्हतं तिथं निदान अर्ध्या पगाराचा भरवसा आला.

शिक्षण सेवकांचं मानधनही तसंच. २००० साली योजना आली तेव्हा प्राथमिकला महिना तीन हजार. नंतर सहा हजार झाले आणि तिथंच वर्षानुवर्षं अडकले. गवंड्याच्या हाताखाली जाणारा मजूर त्यापेक्षा जास्त कमवत होता. २०२३ पासून ते प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार झाले.

सगळ्यात लांबलेली लढाई विनाअनुदानित शिक्षकांची. शाळेला मान्यता देताना 'कायम विनाअनुदानित' असा शिक्का मारलेला असायचा. त्यातला 'कायम' हा शब्द २००९ मध्ये निघाला. तो एक शब्द निघेपर्यंत कित्येक सरांच्या डोक्यावरचे केस पांढरे झाले. नंतर २० टक्के, मग ४० टक्के अशा पायऱ्यांनी अनुदान येत गेलं आणि प्रत्येक पायरीला आझाद मैदान गाठावं लागलं. दिवसा शाळेत शिकवायचं आणि संध्याकाळी पोट भरायला रिक्षा चालवायची, नाहीतर भाजी विकायची, असे दिवस काढलेले सर आपल्या आजूबाजूच्या हायस्कुलांत आजही आहेत.

या सगळ्याचा फायदा सगळ्यांना झाला. पण मैदानावर पावसात बसला त्याला एक गोष्ट जास्तीची मिळाली. हे आपोआप झालेलं नाही, हे त्याला ठाऊक असतं.

पाचवी कमाई : विधान परिषदेचा रस्ता

शिक्षकांना स्वतःचा आमदार निवडता येतो, हे बऱ्याच गावकऱ्यांना माहीत नसतं. घटनेच्या कलम १७१ मध्ये विधान परिषदेच्या साधारण एक बारांश जागा शिक्षकांनी निवडायच्या आहेत. महाराष्ट्रात ७८ पैकी अशा ७ जागा आहेत. मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, औरंगाबाद, अमरावती आणि नागपूर. मागच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या शाळा-कॉलेजात शिकवलेलं असेल, त्याला मत. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतल्या गुरुजींना या मतदारसंघात मत नाही, आणि ही त्यांची जुनी तक्रार आहे.

या जागांवर संघटनेतून वर आलेली माणसं निवडून येतात. शिक्षक भारतीचे कपिल पाटील २००६ पासून २०२४ पर्यंत सलग तीन वेळा मुंबई शिक्षक मतदारसंघाचे आमदार होते. २०२३ मध्ये नागपूरला विमाशिचे सुधाकर अडबाले निवडून आले. पण अलीकडे या निवडणुकीत मोठे पक्ष आणि मोठे संस्थाचालक जास्त दिसायला लागले, पैठणी आणि पाकिटांच्या गोष्टीही ऐकू येतात. नुसतं चळवळीच्या जोरावर निवडून येणं दिवसेंदिवस अवघड होत चाललं आहे.

आमदार होणारे मोजके. पण तालुक्याचा अध्यक्ष झालेल्या शिक्षकालाही सभा घेणं, माईकवर बोलणं, अधिकाऱ्यासमोर न घाबरता मुद्दा मांडणं जमायला लागतं. ज्या माणसाचे पाय पंचायत समितीच्या पायरीवर लटपटायचे, तो जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यायला पुढे उभा राहतो. ही शिदोरी निवृत्तीनंतरही पुरते.

आता जमाखर्चातला खर्च

एवढं वाचून कोणाला वाटेल, की मग सगळेच शिक्षक संघटनेत का जात नाहीत? कारण खर्चही तेवढाच आहे.

पहिला खर्च वेळेचा. रविवार जातो, दिवाळीची सुट्टी जाते. रात्री साडेदहाला फोन येतो, "सर, माझी बदली झाली, आता काय करू?" घरचे वैतागतात. घरचं खाऊन लष्करच्या भाकरी भाजायच्या, असं बायको तोंडावर म्हणते आणि ते खोटं नसतं. बाईमाणसाला तर हे अजून अवघड. शाळा, घर, स्वयंपाक करून रात्रीच्या बैठकीला जाणार कधी? म्हणून शाळांमध्ये बायांची संख्या एवढी असूनही पदाधिकाऱ्यांच्या यादीत त्यांची नावं कमी दिसतात. महिला आघाडी असते, पण निर्णयाच्या खुर्चीवर बाई क्वचित.

दुसरा खर्च रागाचा. साहेबाच्या दालनात आवाज चढवला की तो लक्षात राहतो. नोटीस येते, शाळा तपासणी अचानक आपल्याच शाळेची होते. संप केला की त्या दिवसांच्या पगारावर टांगती तलवार.

तिसरा खर्च आपल्याच माणसांचा. ज्याचं काम झालं तो विसरतो, ज्याचं झालं नाही तो शिव्या देतो. एका संघटनेचे दोन गट होतात, दोनाचे चार. एकाच मागणीसाठी दोन संघटना दोन वेगवेगळ्या दिवशी मोर्चा काढतात, तेव्हा समोरचा अधिकारी निवांत चहा पितो.

वाईट कमाईही असते

गावात जी कुजबुज चालते ती सगळी खोटी नाही. संघटनेचं पद म्हणजे शाळेत न जाण्याचा परवाना, असं वागणारे काही आहेत. ऑन ड्युटीच्या नावाखाली दुपारी दोनला तालुक्यात चहाच्या टपरीवर बसणारे गुरुजी लोकांनी पाहिलेले असतात. कामाला गती देतो म्हणून दुसऱ्या शिक्षकाकडून पैसे घेणारेही असतात. असला माणूस संघटनेचा कार्यकर्ता नव्हे, तो दलाल. कागद अडवणारी आणि सोडवणारी साखळी एकदा जमली की काय होतं, ते २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडीचं प्रकरण उघड झालं तेव्हा राज्याने बघितलं.

पूर्वी बदल्यांच्या वेळी नेत्यांची चलती असायची. सोयीचं गाव मिळवायचं तर कुणाच्या तरी मागे फिरावं लागायचं, असा समज होता. २०१७ पासून जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन व्हायला लागल्या आणि हे दुकान बरंचसं बसलं. पद मिळालं तर चांगली शाळा मिळेल म्हणून संघटनेत आलेले त्यानंतर आपोआप पातळ झाले. जे उरले त्यांच्यात कामाची माणसं जास्त, असं जुने शिक्षकच सांगतात.

गावाचा संबंध कुठे येतो

गुरुजींचा पगार वाढला, पेन्शन मिळाली, यात आपलं काय, असं शेतकऱ्याला वाटणं साहजिक आहे. त्याच्या मालाला भाव नाही, त्याला पेन्शन नाही. पण दोन ठिकाणी गुरुजींची संघटना आणि गाव एकाच बाजूला येतात.

एक म्हणजे अशैक्षणिक कामं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं, की दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामाला शिक्षक जुंपायचा नाही. प्रत्यक्षात सर्व्हे, ऑनलाइन माहिती, लिंक, फोटो अपलोड यांचा पाऊस पडतो. दोन शिक्षकी शाळेतला एक शिक्षक माहिती भरत बसला तर चार वर्ग एकावर पडतात. संघटना याविरुद्ध बोलते तेव्हा ती गावातल्या पोरांच्याच बाजूने बोलत असते.

दुसरं, कमी पटाच्या शाळा. १५ मार्च २०२४ च्या संच मान्यतेच्या निर्णयाने लहान शाळांची शिक्षक पदं धोक्यात आली. सहावी ते आठवीत वीसपेक्षा कमी मुलं असली तर तिथं शिक्षकाचं पदच राहणार नाही, अशी भीती वाड्या-वस्त्यांवर पसरली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कमी पटाच्या शाळांवर कंत्राटी शिक्षक नेमायचा निर्णय आला. २५ सप्टेंबर २०२४ ला राज्यभर शिक्षकांनी सामूहिक रजा टाकून जिल्ह्याच्या ठिकाणी मोर्चे काढले. कंत्राटी शिक्षकांचा तो निर्णय पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये रद्द झाला.

त्या दिवशी शाळेला कुलूप होतं म्हणून कुठं कुठं पालक चिडले. पण त्याच वस्तीवरची शाळा उद्या बंद झाली, तर सातवीतली पोरगी तीन किलोमीटर ओढा ओलांडून जाईल का घरी बसेल, हा प्रश्न गुरुजींचा नाही. तो गावाचा आहे. गुरुजींची बदली दुसऱ्या शाळेत होईल. पोरगी मात्र तिथंच राहील.

पुढचा पेच समोर उभा आहेच. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी पास होणं बंधनकारक केलं. ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी शिल्लक आहे त्यांना दोन वर्षांची मुदत. वीस-पंचवीस वर्षं शिकवलेले गुरुजी रात्री कंदिलाखाली नाही, पण मोबाईलच्या उजेडात अभ्यासाला बसले आहेत. संघटना सरकारकडे दाद मागतेय. पालक म्हणतात, परीक्षा द्यायला काय हरकत आहे? दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. इथं संघटनेची खरी कसोटी लागेल. नुसता विरोध करून थांबायचं, का तालुक्याला अभ्यासवर्ग काढून आपल्या माणसांना पासही करून घ्यायचं?

गावानं काय बघावं

संघटनेतले गुरुजी चांगले का वाईट, हे पदावरून ठरत नाही. गावाच्या हातात बघायच्या गोष्टी साध्या आहेत.

कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे. शिक्षकाने वेळेवर आणि नियमित यायचं, हेही त्याच कायद्यात लिहिलेलं आहे. संपाचे किंवा मोर्चाचे दिवस भरून काढले का, हे शाळा व्यवस्थापन समितीने विचारावं. या समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात, तेव्हा हा अधिकार कोणाकडे मागायला जायची गरज नाही. बैठकीला जाऊन तोंड उघडायची तेवढी गरज आहे.

गुरुजी संघटनेच्या कामाला शाळेच्या वेळेत जातात का शाळा सुटल्यावर, हे बघावं. रजा टाकून जातात का नुसतेच गायब होतात, हे हजेरीपटावर दिसतं. आणि त्यांच्या वर्गातली पोरं धडाधड वाचतात का, हे तर पोराला समोर बसवून पाच मिनिटांत कळतं.

चांगल्या कार्यकर्त्या शिक्षकाची एक खूण जुने लोक सांगतात. त्याच्या मोर्चाला पालकही येतात. कारण पोरांची शाळा त्याने कधी बुडवलेली नसते. "गाव करील ते राव काय करील" ही म्हण अशा माणसाच्या मागे उभी राहते. आणि ज्याच्या शाळेत पोरांना जोडाक्षरं येत नाहीत, त्याने कितीही मोठा बिल्ला लावला तरी गाव त्याच्या मोर्चाकडे पाठ फिरवतं.

तर पारावरच्या प्रश्नाचं उत्तर असं, की मिळतं. पैसा फारसा मिळत नाही. कागदाची जाण मिळते, चार माणसं मिळतात, अडचणीत उभं राहायची ताकद मिळते आणि कधीमधी शिव्याही मिळतात. शनिवारी दुपारी तालुक्याला गेलेली ती मोटारसायकल सोमवारी सकाळी शाळेच्या घंटेआधी वस्तीवर पोचली, की गावानंही दुसरं काही विचारायचं कारण उरत नाही.